कात्री पडली तेव्हा कोणी नव्हतं

कात्री टेबलावरून खाली पडली तेव्हा खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात मी हीच एक गोष्ट लपवली, आणि तिची शिक्षा माझ्या वडिलांनी भोगली.

खोली म्हणजे कारेगावातल्या आमच्या घराची पुढची खोली. तिथं मी लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालतो, त्यांचे केस विंचरतो आणि कापतो. या कामाला ग्रूमिंग म्हणतात हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. त्याआधी एका कारखान्यात प्रेस शॉपला होतो. आमची लाइन बंद झाली आणि आम्ही घरी बसलो. त्याच सुमारास इथं आणि शिरूरला नव्या बिल्डिंगा उठल्या होत्या. कंपन्यांमधली माणसं राहायला आली, त्यांच्याबरोबर लांब केसांची, आखूड पायांची कुत्री आली. आमच्याकडच्या उन्हात ती बिचारी फरशीवर पोट टेकून पडलेली असायची. एकदा जेवताना माझा मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं कातरली. तुम्हाला कुत्रं जड हाय व्हय?" तो थट्टेनं बोलला. मी मात्र ते मनावर घेतलं.

मी आठवीत असेपर्यंत आमची मेंढरं होती. मग कालव्याचं पाणी आलं, वडिलांनी कळप विकला आणि शेती धरली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कळप गेला तरी आबांची कातर गेली नाही. मेंढरांची कातर म्हणजे पोलादाची एकच पट्टी वाकवून केलेली दोन पाती. तिला स्क्रू नसतो, बोटं घालायला कड्या नसतात, मुठीत दाबली की मिटते आणि सोडली की उघडते. वर्षातून दोनदा नात्यातले कळपवाले आबांना कातरणीला बोलवायचे. आबांनी कातरलेल्या मेंढराच्या अंगावर पायऱ्या दिसत नाहीत आणि रक्त दिसत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकताना आबा कानाला हात लावायचे, पण चेहरा फुलायचा.

मी शिकायला दौंडला गेलो. न्हावऱ्यावरून एसटीनं जायचं, दिवसभर शिकायचं, संध्याकाळी परत. शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होती. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका म्हणायची. बाकीच्या दोन मुली कॉलेजातल्या. पहिल्या दिवशी मी शिरूरच्या बाजारातून आठ इंची कात्री घेऊन गेलो होतो. मॅडमनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली आणि विचारलं, "काका, घोडा आणणार आहात का?" पोरी हसल्या. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग त्यांनी मला कात्री कशी निवडायची ते दाखवलं. आधी हात बघायचा, मग कात्री. पातं साधारण आपल्या मधल्या बोटाएवढं असावं. अनामिका एका कडीत, दुसऱ्या कडीत अंगठ्याचं फक्त टोक. कापताना हलतो तो अंगठाच, बाकीचा हात झोपल्यासारखा स्थिर. माझी बोटं प्रेसवर काम करून जाड झालेली, त्यामुळं कडी मोठी हवी, नाहीतर अंगठा आत अडकतो आणि नेमका नको तेव्हा झटका बसतो. अंगासाठी एक सरळ, गोलाईसाठी एक वाकडी, केस विरळ करायला एक दातेरी. आणि तोंड, कान, पंजे यांच्यासाठी एक लहान, टोकं गोल केलेली. ही लहान कात्री आधी घ्या, असं त्या दोनदा म्हणाल्या. शिकणाऱ्यानं फार महागाची, फार बारीक धारेची कात्री घेऊ नये, हेही म्हणाल्या.

मी नेमकं उलटं केलं. परदेशी बनावटीची, आरशासारख्या पात्यांची, मोठी सरळ कात्री मागवली. इतकी वर्षं मशीनवर काढलेल्या माणसानं खेळण्यासारखी टोकगोल कात्री काय वापरायची, असं मला वाटलं. लहान कात्री मी घेतलीच नाही.

सांभाळायचं कसं तेही शिकलो होतो. धुऊन वाळवलेलेच केस कापायचे, कारण आमच्याकडच्या कुत्र्याच्या केसात माती असते आणि मातीनं धार जाते. प्रत्येक कुत्र्यानंतर मऊ फडक्यानं पाती पुसायची, स्क्रूवर तेलाचा एक थेंब. एक कडी धरून दुसरं पातं वर उचलायचं आणि सोडायचं. ते खाली येऊन पुरतं मिटायच्या जरा आधी थांबलं तर स्क्रू बरोबर. खाडकन मिटलं तर सैल, वरच राहिलं तर घट्ट. ओला टिश्यू पेपर कापून बघायचा. कापला न जाता पात्यांत दुमडला तर कात्री बिघडली. धार फक्त त्यातल्या जाणकाराकडून लावून घ्यायची. आणि पडली, तर उघडझाप करून बघायची नाही. टोक वाकलं असेल तर ते दुसऱ्या पात्याला ओरबाडतं. तशीच गुंडाळून धारवाल्याकडं पाठवायची. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं.

शनिवारी दुपारी एका पोमेरेनियनचं काम संपवून मी टेबल पुसत होतो. कोपरानं कात्रीला धक्का लागला. ती टोकावर फरशीवर पडली आणि एकदा उडून पुन्हा पडली. मी आधी दाराकडं बघितलं. आत बायको स्वयंपाकघरात होती, आबा मागच्या अंगणात. मग कात्री उचलली आणि पाच-सहा वेळा उघडझाप केली. शेवटाला आल्यावर कच असं काहीतरी अडकत होतं. मी ती पुसली, तेलाचा थेंब टाकला आणि खोक्यात ठेवून दिली.

असं का केलं ते मला ठाऊक आहे. प्रेस शॉपला एखाद्या डायला, म्हणजे साच्याला, चीर गेली की पहिला प्रश्न यायचा, कोणाच्या शिफ्टला? आम्ही ती पुसून, ग्रीस लावून, होती तशी ठेवायचो. पुढच्या शिफ्टचा माणूस मशीन चालू करायचा आणि ते नुकसान त्याच्या नावावर जायचं. पुढच्या शिफ्टला आपलाच मित्र असायचा. मीही हे केलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. नोकरी गेली तरी हाताची ती सवय गेली नव्हती.

रविवारी त्या कात्रीत केस दुमडायला लागले. मी स्क्रू घट्ट केला. थोडा वेळ बरं वाटलं, पुन्हा तेच. मी वैतागून म्हणालो की ही कापतच नाही. आबा दाराशी बसले होते. त्यांना एवढंच ऐकू आलं.

सोमवारी सकाळी मी बाजारातून आलो तर आबा ओट्यावर बसलेले, पुढं पाण्याचा तांब्या आणि कातरीला धार लावायचा त्यांचा जुना दगड. माझी कात्री फडक्यावर ठेवलेली. म्हणाले, "तुझी कात्री लावून ठिवलीय. बघ आता." मी कात्री उजेडात धरली. आरशासारख्या पात्यावर बारीक ओरखडे होते. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, बरं केलं. आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला बराच वेळ लागला आहे. ते ओरखडे बघून मला राग आला, पण त्याच्या आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. कात्री बिघडल्याचं आता दुसरं कारण होतं.

बुधवारी शिरूरच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, त्यांची शित्झू जातीची कुत्री महिन्यातून एकदा माझ्याकडं यायची. मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं. कात्री धारेला गेलीय, पुढच्या आठवड्यात या, एवढं म्हटलं असतं तर बाईंनी काही विचारलं नसतं. पण त्या रिक्षा करून आल्या होत्या आणि त्यांच्यामुळं त्यांच्या बिल्डिंगमधली आणखी दोन कुत्री माझ्याकडं येत होती. मी काम सुरू केलं. अंग कसंबसं झालं. कानामागं केसांचा गुंता होता. तिथं थेट कात्री चालवायची नसते, आधी कातडी आणि केसांच्या मधे कंगवा घालायचा. केस दुमडले, मी अंगठ्याचा जोर वाढवला, टोक अडकलं, सुटलं, आणि कानाची कड पात्यांमध्ये आली.

कुत्रीनं आवाज केला तो अजून कानात आहे. कानातून रक्त फार येतं, आणि जनावर डोकं झटकतं तेव्हा ते सगळीकडं उडतं. भिंतीवर, बाईंच्या साडीवर, माझ्या चष्म्यावर. मी कापसानं कान दाबून धरला. आबा आतून मुठीत हळद घेऊन धावत आले. बाई विचारत होत्या की असं कसं झालं, आजवर कधी झालं नाही.

मी म्हणालो, "बाई, आबांनी कात्रीला दगड लावला. मला ठाऊकच नव्हतं."

आबा हळदीची मूठ घेऊन मधेच थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कात्रीकडं बघितलं.

शिरूरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेऊन दोन टाके घातले. मी बाईंना घरी सोडून आलो. आबा तोवर खोली धुऊन, भिंत पुसून बसले होते. त्यांनी कान वाचेल का एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. मला वाटलं आता त्या बोलणार. त्या म्हणाल्या की तुमचे वडील येऊन गेले. जीपनं शिरूरला गेले होते, पत्ता विचारत विचारत त्यांच्या दारात पोचले होते. हातात हळदीची पुडी. आत या म्हटलं तर आले नाहीत. चौकटीबाहेर उभं राहून म्हणाले होते, "माझ्या हातनं लागलं तिला. सांगाया आलोय."

बाईंना ते काय होतं ते कळलं नव्हतं. मला कळलं. कातरणीला दहा-बारा माणसं मेंढरं पायांत धरून बसतात, मेंढरं कोणाची, कातरणारे कोण. मेंढराला कातर लागली तर ज्याच्या हातून लागली त्यानंच हळद भरायची, आणि मेंढरू पायांतून सोडायच्या आधी मालकाला हाक मारून सांगायचं. दुसऱ्यानं सांगून चालत नाही. आबांनी आयुष्यात हे फार थोड्या वेळा केलं असेल. बाई फोनवर म्हणत होत्या की त्यांना रागावू नका, वयस्कर माणूस आहे, त्यांनी चांगल्यासाठीच केलं. मी हो हो म्हणत राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो. आबा समोर बसून जेवत होते.

नंतर हळूहळू लक्षात यायला लागलं. घरातले विळे, खुरपी, सुरी, सगळ्यांना आबाच धार लावायचे. बायकोनं विळा पुढं केला तर म्हणाले, बाजारातनं लावून आण. मिशा ते स्वतः आरशात बघून कापायचे, आता सलूनमध्ये जायला लागले. पुढच्या खोलीत येणं बंद केलं. दगड कुठं ठेवला ते मला दिसलं नाही.

महिनाभरानं मी कात्री घेऊन दौंडला गेलो. मॅडमच्या ओळखीचा धारवाला होता, उत्तरेकडचा माणूस. त्यानं डोळ्याला भिंग लावून पाती बघितली. दगडाचे ओरखडे वरवरचे होते, तो म्हणाला, त्यानं काही बिघडलं नाही. मग टोकावर नख ठेवून विचारलं, "गिरी थी क्या?"

मी म्हणालो, "पता नहीं."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागल्या. मी त्याच दिवशी तिथून टोकगोल लहान कात्री घेतली. परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. दगडानं काही बिघडलं नाही, हे आता धारवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं. घरी जाऊन आबांना सांगायला दोन वाक्यं पुरली असती. न्हावरा आलं, गेलं. घरी पोचल्यावर मी चहा प्यायलो.

दिवाळी झाली. माझा चुलतभाऊ मोटरसायकलवरून आला. त्याचा कळप तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला एका शेतात लेंड्यांच्या खतासाठी बसवला होता, दोन दिवसांनी कातरणी होती, तो आबांना बोलवायला आला होता. आबा म्हणाले की येत नाही. त्यानं आधी थट्टा केली, "आबा, कुत्र्याच्या शाम्पूची सवय लागली, आता मेंढराचा वास सोसंना व्हय?" आबा हसले नाहीत. म्हणाले की हात राहिला नाही, डोळ्यांचा भरवसा नाही, एखाद्याचं मेंढरू उगाच रगताळायचं. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी तरी काही बोलीन म्हणून. मी टेबलावरचा कंगवा पुसत होतो.

मग आबा आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली कातर घेऊन आले. ती त्याच्या हातात देऊन म्हणाले, "तुला व्हईल. माझं काम झालं."

भाऊ नको नको म्हणत होता. आबांनी ती त्याच्या पिशवीत घातली. गाडी चालू होऊन वळणापलीकडं गेली, तरी आबा तसेच उभे होते. त्यांचा उजवा हात मुठीसारखा अर्धवट मिटलेला होता.

मी म्हणालो, "आबा, कात्री आधीच पडली व्हती. माझ्या हातनं."

त्यांना नीट कळलं नसावं. "कवा?"

"त्या शनिवारी. तुम्ही दगड लावायच्या आधी. टोक वाकलं व्हतं. त्यानंच कान कापला. तुमच्या दगडानं न्हाई. दौंडचा धारवालाबी तेच म्हणला."

मी तयारी केली होती ती शिव्यांची. लहानपणी मार खाल्लेला होता, तोही चालला असता. आबा ओट्यावर बसले. गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी मी बाईस्नी खोटं सांगून आलो."

मी म्हणालो की तुम्हाला काय ठाऊक होतं, खोटं मी बोललो.

"जनावराच्या मालकापुढं उभा राहून मी म्हणलो, माझ्या हातनं लागलं. न्हवतं लागलं. तू मला म्हणाया लावलंस."

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, एवढाच माझा गुन्हा. त्यांच्या तोंडून ते खरं म्हणून वदवलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आबा उठले, टोपी घातली, पायात चपला सरकवल्या आणि चल म्हणाले.

शिरूरपर्यंत ते मोटरसायकलवर माझ्या मागं बसले होते, पण माझ्या खांद्याला त्यांनी धरलं नाही, मागची दांडी धरली. बाईंनी दार उघडलं. कुत्री मला बघून सोफ्याखाली गेली आणि तिथूनच गुरगुरत राहिली. तिच्या कानाच्या कडेला खाच पडली होती, तिथं केस उगवले नव्हते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कात्री पडली तिथपासून.

बाई शाळेतल्यासारख्या मधे न बोलता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कान बरा झाला, त्याचं मला काही नाही. पण हे इथं दारात उभे होते, आणि त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला होता."

मी म्हणालो, "हो."

"तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात."

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी आबांना आत बसवलं, चहा दिला, त्यांच्या मेंढरांबद्दल विचारलं. मला बसा म्हटलं नाही, आणि ते विसरून नसावं. निघताना त्यांनी सांगितलं की कुत्रीला त्या आता पुण्याला भाचीकडं नेतात, तिकडंच एक जण केस कापतो. त्या परत माझ्याकडं आल्या नाहीत, आणि त्यांच्या बिल्डिंगमधली दोन्ही कुत्रीही आली नाहीत. काय झालं ते त्यांनी तिथं कोणाला सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. सांगितलं असेल तर त्यांचं चुकलं नाही.

रात्र पडायच्या आत मी तसाच तळेगावच्या बाजूला गेलो आणि भावाकडून कातर परत आणली. त्यालाही सगळं सांगितलं. तो शिवी देऊन म्हणाला, "परवा आबांना घिऊन ये. आन् तू मेंढरं धराया बस, तेवढीच तुझी लायकी."

आबा कातरणीला आले. त्यांना यायचं नव्हतं, पण भावानं सकाळी गाडी पाठवली तेव्हा ते बसले. मेंढरं आदल्या दिवशी ओढ्यात धुतलेली होती, शेतात ऊस तुटल्यावरचं पाचट पडलेलं होतं आणि त्यावर माणसं ओळीनं बसली होती. भावानं सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, हे त्यांच्या माझ्याकडं न बघण्यावरून कळलं. कातर आबांच्या हातात आली. मी पहिल्या मेंढराचे पाय धरले.

मला वाटत होतं की खरं सांगितलं आहे, आता हात परत येईल. आबांची कातर पूर्वी मानेपासून पाठीवर एका दमात जायची, चर्र चर्र असा एकसारखा आवाज यायचा आणि लोकर गोधडीसारखी एकसंध सुटायची. आता चार बोटं कातरलं की आवाज थांबायचा. शेजारच्याचं तिसरं मेंढरू सुटलं तेव्हा आमचं पहिलं अजून अर्ध्यावर होतं. एका म्हाताऱ्यानं फक्त सावकाश होऊ द्या म्हटलं.

आवाज का थांबतोय ते मला जवळून दिसत होतं. आबांचा डावा तळवा पूर्वी लोकर ताणून धरायचा. आता दर दोन कापांनंतर तो लोकरीवरून सुटत होता, उघड्या कातडीवरून फिरत होता, आणि मग आबा तो उलटा करून बघत होते, लाल झालाय का म्हणून. तळवा कोरडाच असायचा. ते तो धोतराला पुसायचे आणि पुढचे दोन काप मारायचे.

त्या दिवशी त्यांनी चार मेंढरं कातरली. मी चारही वेळा पाय धरून बसलो होतो.